रूथचा सरवा आणि दगडावरची चित्रं



सरवा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पीक कापून नेल्यावर रानात मागे राहिलेली कणसं, ओंब्या, शेंगा वेचायच्या आणि ओटीत भरून घरी आणायच्या. ज्यांना स्वतःचं रान नाही, त्या बायांची कितीतरी वर्षं त्या सरव्यावर गेली.

आज ज्या चित्रांबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्यातलं एक चित्र अशाच सरवा वेचणाऱ्या बाईचं आहे. ते १९६० साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. तिचं नाव रूथ, आणि ती ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातली. जगभरचे हौशी लोक हे चित्र विकत घेऊन जपतात. गंमत अशी की, हेच चित्र एकाला बेताच्या पैशांत मिळतं आणि दुसरा त्याच चित्रासाठी कितीतरी पट जास्त मोजतो. दोन्ही एकाच छापखान्यात, एकाच ठशावरून उतरलेली. मग भावात एवढी तफावत का? आणि त्या तफावतीचा फायदा घेऊन लोकांना फसवलं कसं गेलं? हे समजून घेऊ. ‘एवढं महाग आहे म्हणजे खरंच असेल’ असं आपणही बाजारात कधीतरी म्हणतोच.

आधी रूथची गोष्ट. बेथलेहेम गावात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जगायला गेली. तिथे नवरा वारला. मुलांनी तिथल्याच मुली केल्या, अर्पा आणि रूथ. पुढे दोन्ही मुलंही गेली. घरात उरल्या तीन विधवा. नामीनं परत गावी जायचं ठरवलं आणि सुनांना सांगितलं, बायांनो, तुम्ही आपापल्या माहेरी जा, माझ्यापाशी तुम्हाला द्यायला काही नाही. अर्पा रडत रडत माघारी गेली. रूथ सासूला सोडून गेली नाही.

दोघी बेथलेहेमला पोचल्या तेव्हा जवाची कापणी चालू होती. त्या लोकांच्या धर्मनियमात एक फार चांगली गोष्ट आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही आणि खाली पडलेली कणसं मालकानं उचलायची नाहीत. ती गरीब, परके, विधवा यांच्यासाठी सोडायची. म्हणजे सरवा ही मालकाची मेहेरबानी नव्हती, वेचणाऱ्याचा हक्क होता. रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात वेचायला गेली. परमुलखातली सून सासूसाठी राबते आहे, हे त्याच्या कानावर होतंच. त्यानं गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम चार कणसं खाली पडू द्या. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. ज्यूंचा मोठा राजा दावीद हा रूथचा पणतू. ज्यू लोक आजही शावुओत या सुगीच्या सणाला रूथची गोष्ट वाचतात.

हे चित्र काढणारा मार्क शागाल १८८७ साली व्हितेब्स्क या गावी जन्मला. ते गाव आज बेलारूस देशात आहे. घर गरीब ज्यूंचं. वडील खारवलेल्या मासळीच्या वखारीत कामाला, आई घरीच छोटं दुकान चालवायची. लहानपणापासून कानावर पडलेल्या धर्मग्रंथातल्या गोष्टी त्यानं आयुष्यभर काढल्या. १९४१ साली हिटलरच्या माणसांच्या तावडीतून निसटून तो अमेरिकेला गेला. त्याच्या जन्मगावच्या ज्यूंची मात्र कत्तल झाली. घरदार सोडून निघालेली माणसं त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामागे हे सगळं आहे.

युद्धानंतर तो फ्रान्सला परतला आणि पॅरिसमधल्या फेर्नां मुर्लो यांच्या छापखान्यात दगडावर चित्रं काढायला बसू लागला. तेरियाद नावाचा प्रकाशक ‘व्हर्व्ह’ नावाचं चित्रांचं एक देखणं नियतकालिक काढायचा. त्याच्या १९६० च्या अंकात शागालची २४ रंगीत शिळाछाप चित्रं आली. त्यांत बायका किती आहेत पाहा! रानात तहानेनं व्याकूळ झालेली हागार. बापाच्या घरातले देव लपवून नेणारी राहेल. शत्रूच्या हेरांना आसरा देणारी राहाब. स्वजनांना वाचवणारी एस्तेर राणी. भर दरबारात यायला नकार दिला म्हणून राजानं हाकलून दिलेली वश्ती. एकट्या रूथच्या गोष्टीवर पाच चित्रं आहेत: नामी आणि तिच्या सुना, सरवा वेचणारी रूथ, रूथ आणि बवाजची भेट, खळ्यावर त्याच्या पायाशी निजलेली रूथ, आणि जागा झालेला बवाज. आम्हाला विचाराल तर सगळ्यांत सरस पहिलं. तिघी विधवा एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. कोण सासू, कोण सून, हे क्षणभर कळतच नाही.

आता शिळाछाप म्हणजे काय, ते बघू. या तंत्राची गोष्ट धुण्यापासून सुरू होते. १७९६ साली जर्मनीत म्युनिक शहरात आलोईस झेनेफेल्डर नावाचा नाटककार होता. नाटकं छापायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून स्वस्तात छापायची काहीतरी युक्ती तो शोधत होता. परटीण दारात उभी, आई म्हणाली धुण्याची यादी लिहून घे, आणि घरात कागदाचा कपटा नाही. त्यानं जवळच्या गुळगुळीत दगडावर मेणकट शाईनं यादी लिहिली. हा प्रसंग त्यानं स्वतःच पुढे सांगून ठेवला आहे. त्या दगडावरून छापता येईल का, या प्रयोगातून दोनएक वर्षांत नवी कला तयार झाली.

तुपाचा हात लागलेल्या ताटावर पाणी शिंपडा. तूप लागलंय तिथे पाणी ठरत नाही. शिळाछापाचं सगळं मर्म एवढंच आहे. जर्मनीतल्या झोल्नहोफेन गावचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं आम्ल घालून ते फासायचं. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडांचाच असतो बरं का. त्यानं चित्राची जागा पक्की होते आणि कोरी जागा पाणी धरून ठेवते. दगड ओला करून वर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. वर कागद ठेवून दाबलं की चित्र कागदावर उतरतं, तेही उलटं. डावा हात उजवा होतो. चित्रकाराला हे आधीच मनात धरून काढावं लागतं.

हे झालं एका रंगाचं. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. पाच रंग असतील तर पाच दगड, आणि प्रत्येक कागद पाचदा यंत्राखाली जाणार. दर वेळी तो बरोबर त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर ओठाचा लाल रंग गालावर जाईल. पन्नास प्रती काढायच्या तर अडीचशे वेळा दाब. पुढे दगडाऐवजी जस्ताचे पत्रेही वापरात आले, पण रीत तीच. काम संपलं की दगड घासून चित्र पुसून टाकतात आणि त्याच दगडावर दुसरं चित्र काढतात.

म्हणूनच अशा छापील चित्राला ‘नक्कल’ म्हणत नाहीत. चित्रकारानं मूळ चित्र काढलं तेच मुळी दगडावर. कागदावर उतरलेली प्रत्येक प्रत हेच अस्सल चित्र. आधी रंगवलेल्या चित्राचा फोटो काढून यंत्रावर छापला, तर ती नक्कल. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

रूथच्या चित्राकडे परत येऊ. त्या अंकाच्या सुमारे ६,५०० प्रती निघाल्या. त्यांतल्या रंगीत चित्रांवर सही नाही, आणि पानाच्या मागच्या बाजूला दुसरं काळं चित्र छापलेलं आहे. त्याच ठशांवरून आणखी फक्त ५० प्रती रुंद कडा सोडलेल्या चांगल्या कागदावर वेगळ्या काढल्या. त्यांच्या खाली शागालनं पेन्सिलीनं सही केली आणि क्रमांक घातला. क्रमांक अपूर्णांकासारखा असतो. १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. बारावी म्हणून ती पहिलीपेक्षा कमी प्रतीची नसते, तो निव्वळ हिशोब असतो.

भावातला फरक तो हाच. चित्र एक, पण पन्नासांतलं सहीचं पान दुर्मीळ म्हणून फार महाग. अंकातलं बिनसहीचं पान त्या मानानं पुष्कळ स्वस्त, आणि तरीही अस्सल. जुने अंक सोडवून त्यांतली पानं सुटी विकली जातात. शिक्षक, परिचारिका, दुकानदार अशा साध्या मिळकतीच्या माणसांच्या भिंतीवरही शागालचं अस्सल चित्र असू शकतं, ते या पानांमुळे. जास्तीचा पैसा मोजला जातो तो पेन्सिलीच्या त्या चार रेघांसाठी, चित्रासाठी नाही. सहीला मोल नाही असं आम्ही म्हणत नाही. पण आपण नेमकं कशाचे पैसे देतो आहोत, हे घेणाऱ्याला माहीत हवं.

आणि जिथे चार रेघांना एवढी किंमत, तिथे त्या रेघा ओढणारे चोरही आलेच. अंकातलं साधं पान घ्यायचं, खाली पेन्सिलीनं खोटी सही आणि क्रमांक टाकायचा, की स्वस्त पान महाग झालं. म्हणून जाणकार आधी पान उलटून पाहतात. मागे दुसरं चित्र छापलेलं आहे आणि पुढे मात्र सही आणि १२/५०, असं असेल तर शंका घ्यायचीच. दुसरी खूण म्हणजे माप. मुर्लो यांनी शागालच्या शिळाछापांची खंड खंड भरतील एवढी यादी छापून ठेवली आहे. कोणतं चित्र, कोणत्या वर्षी, किती मोठं, किती प्रती, सगळं तिच्यात आहे. विकणारा यादीतला क्रमांक सांगत नसेल तर घाई करू नये.

तिसरी परीक्षा घरच्या घरी होते. एक भिंग घ्या. वर्तमानपत्रातला किंवा कॅलेंडरवरचा रंगीत फोटो भिंगाखाली धरा. सारख्या अंतरावर बसलेले बारीक ठिपके दिसतील, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. ही फोटोवरून केलेली छपाई. दगडावर खडूनं काढलेल्या चित्रात अशी शिस्त नसते. खरखरीत भिंतीवर कोळशानं रेघ ओढल्यावर जशी तुटक, दाणेदार दिसते, तशी ती दिसते. चित्र ठिपक्यांचं असेल आणि विकणारा ‘हाताची शिळाछाप’ म्हणत असेल, तर त्याला रामराम ठोकावा.

सगळ्यांत मोठा घोळ झाला तो साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराच्या बाबतीत. त्याच्याही धर्मग्रंथातल्या प्रसंगांच्या चित्रमाला आहेत. ज्यू लोकांच्या मायभूमीला परतण्यावर २५ चित्रांची ‘अलिया’ ही माला १९६८ साली निघाली. पण पुढे पुढे दालीनं कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायला सुरुवात केली. सही आधी, चित्र नंतर कोणीतरी छापणार! १९७४ साली फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनी एक ट्रक अडवला, तर त्यात दालीच्या सह्यांचे हजारो कोरे कागद. पुढे त्या कागदांवर कोणी काय छापलं, कोण सांगणार? सही खरी आणि चित्र खोटं, असा तो प्रकार. त्याचा परिणाम म्हणजे आजही दालीचं सहीचं चित्र म्हटलं की बाजारातला माणूस आधी बिचकतो, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे खरं चित्र घेतलं त्यांनाही त्याची झळ बसते. बचत गटात आपण एकमेकींना सांगतोच, कोऱ्या स्लिपवर सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही. कोऱ्या सहीनं केवढा गोंधळ होतो ते इथे दिसतं.

अस्सल आणि नक्कल यांच्या मधलीही एक जात आहे, आणि तिची गोष्ट बायकांच्या एका संघटनेशी जोडलेली आहे. अमेरिकेतल्या ज्यू बायकांनी १९१२ साली ‘हदासा’ नावाची संघटना सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन परिचारिका जेरुसलेमला पाठवल्या. गोरगरिबांच्या आजारपणापासून सुरू झालेलं ते काम वाढत वाढत मोठ्या रुग्णालयापर्यंत गेलं. त्या रुग्णालयातल्या प्रार्थनाघरासाठी हदासानं शागालकडून रंगीत काचेच्या १२ खिडक्या करून घेतल्या. १९६२ साली त्या बसल्या. याकोबाच्या बारा मुलांच्या बारा कुळांसाठी बारा खिडक्या. याकोबाला दीना नावाची मुलगीही होती, पण तिच्या नावाचं कूळ नाही, त्यामुळे खिडकीही नाही.

शागालच्या या खिडक्यांच्या चित्रांवरून शार्ल सोर्लिए या मुर्लोंच्या छापखान्यातल्या कसबी कारागिरानं शिळाछापं केली. शागालच्या संमतीनं केली, आणि त्यावर कारागिराचं नावही छापलेलं असतं. म्हणजे कल्पना शागालची, दगडावरचा हात सोर्लिएचा. हे खोटं नाही, पण शागालनं स्वतः दगडावर काढलेलंही नाही. प्रामाणिक विक्रेता हे आपणहून सांगतो. अप्रामाणिक माणूस खालच्या कोपऱ्यातलं बारीक नाव चौकटीखाली झाकतो. म्हणून चित्र चौकटीतून काढून दाखवा, असं म्हणायला लाजू नये.

त्या खिडक्यांत माणसाचा चेहरा एकही नाही. पशू, पक्षी, मासे, फुलं आहेत, माणूस नाही. ज्यूंच्या दहा आज्ञांत मूर्ती करून पुजायला मनाई आहे, म्हणून प्रार्थनाघरात त्यांनं माणसं काढली नाहीत. पुस्तकातलं किंवा घरातल्या भिंतीवरचं चित्र पूजेसाठी नसतं, त्यामुळे तिथे रूथही चालते आणि एस्तेरही. कट्टर मंडळींना तेही पटत नाही, हा भाग वेगळा.

शागालच्या आधी जेरुसलेममध्येच आबेल पान नावाचा चित्रकार १९२० च्या दशकापासून धर्मग्रंथातल्या गोष्टींची रंगीत शिळाछापं करत होता. त्याच्या चित्रांतल्या सारा, राहेल या गोऱ्या युरोपी मडमा नाहीत. येमेनहून आलेल्या ज्यू मुली आणि तिथल्या बदाऊनी मुली समोर बसवून त्यानं त्या काढल्या. सावळ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या, अंगावर दागिने ल्यालेल्या. शागालइतकं त्याचं नाव झालं नाही. आम्हाला मात्र त्याच्या बायका ओळखीच्या वाटतात.

या गोष्टी आपल्या मुलखाला परक्या नाहीत. रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरची भाषा मराठी, आडनावं गावांवरून. १८८० च्या सुमारास त्यांनी धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तनंही सुरू केली. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यावर त्यांची फार श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळे इथे खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. रथातून आकाशात जाणाऱ्या एलियाहूचं छापील चित्र त्यांच्या कितीतरी घरांत भिंतीवर असतं. बहुतेक मंडळी १९४८ नंतर इस्राएलला गेली, काही इथेच राहिली.

आणि शिळाप्रेस तर आपल्याकडे जुनाच. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात पोथ्या शिळाप्रेसवर छापत. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यासाठी दगड, यंत्रं, कारागीर जर्मनीहून आणले होते. तुमच्या आजेसासूच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती त्याच रीतीनं दगडावरून उतरलेली असू शकते. काहींवर बायकांनी हौसेनं जर आणि टिकल्या शिवलेल्या असतात. तेव्हा जुनं चित्र भंगारात देण्याआधी भिंग लावून बघा, आणि खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का तेही वाचा.

रूथ असो की लक्ष्मी, कागद जपायची रीत एकच. थेट ऊन नको, उन्हानं आधी तांबडा-गुलाबी उडतो. चूल, समई, उदबत्ती यांच्या धुराजवळ लावू नका. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. चौकटीची काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये जाड कागदाची पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत चित्र काचेला धरतं आणि सोडवताना फाटतं. मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा लावला तर त्यातल्या आम्लानं काही वर्षांत कागद तपकिरी पडतो आणि ठिसूळ होतो. आम्लविरहित पुठ्ठा म्हणून मागितला की शहरातल्या चांगल्या चौकटवाल्याकडे मिळतो. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग जात नाही. जुना कागद कडेला कापून ‘नीट’ करू नका. त्या कडेवरच छापखान्याचं नाव असतं, आणि सही व क्रमांक असला तर तोही तिथेच. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, चौकट उतरवून मागून कसर किंवा वाळवी लागली नाही ना ते बघा, आणि काच पुसताना पाणी काचेवर न उडवता फडक्यावर घ्या.